अनुमोदक

गिरधर आबांनी डोक्यावरची टोपी काढली, घडी करून सदऱ्याच्या खिशात घातली आणि वर्गातल्या शेवटच्या बाकावर भिंतीला खेटून बसले. बाक कॉलेजच्या पोरांच्या मापाचा होता. आबांचे गुडघे पुढच्या फळीला अडत होते, म्हणून त्यांनी पाय एका बाजूला वळवून घेतले.

“पाऊण तासाचा प्रश्न आहे, मग सोबतच घरी जाऊ,” असं सुनंदाने दारातच सांगितलं होतं. घराची किल्ली तिच्यापाशी होती आणि जावई नोकरीनिमित्त शिरपूरला. विहिरीवरची मोटर जळाली म्हणून आबा सकाळीच पहिल्या गाडीने चाळीसगावमार्गे धुळ्याला आले होते. मोटर वायंडिंगला टाकून झाली होती आणि कारागिराने उद्या दुपारचा वायदा केला होता. गिरणाकाठच्या धामणपाड्याचे सतरा वर्षांचे सरपंच, पण आज त्यांना काहीच काम नव्हतं. लेक शिकवते कशी ते तरी बघू, असं म्हणून ते आत आले.

सुनंदाने फळ्यावर लिहिलं : राजा शोकात्म नायक केव्हा होतो? अक्षर वळणदार होतं. आबांना बरं वाटलं. घरी त्यांच्यासमोर ही पोर कधी मोठ्याने बोलली नव्हती. इथे तिचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचत होता.

“ग्रीक नाटकातला राजा दुष्ट असता आणि बुडाला असता, तर आपण काय म्हटलं असतं?” तिने विचारलं. “बरं झालं, म्हटलं असतं. डोळ्यांतून टिपूस काढलं नसतं. आणि तो अगदी देवमाणूस असता, काही चुकलं नसताना बुडाला असता, तर आपल्याला दैवाचा राग आला असता. हा राजा या दोघांच्या मधला आहे. चांगला आहे. लोकांसाठी झिजतो. आणि त्याच्यात जे चांगलं आहे ना, त्यातूनच त्याची चूक निपजते. तो ठाम आहे म्हणून राज्य चालतं, आणि ठाम आहे म्हणूनच तो कोणाचं ऐकत नाही.”

आबांनी मान डोलावली. राज्य चालवणं सोपं नसतं, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. गावात नळ आला तो त्यांच्या ठामपणामुळे. नाल्यावरची फरशी झाली तीही त्यामुळेच. दहा तोंडं दहा बाजूंनी बोलतात. एकाने काहीतरी ठरवावंच लागतं.

पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. “पण मॅडम, त्याच्या हातून ते नकळत घडतं. मग दोष त्याचा कसा?”

“नकळत म्हणजे किती नकळत, ते बघायचं,” सुनंदा म्हणाली. “बहुतेक वेळा त्याला कोणीतरी सांगितलेलं असतं. एखादा म्हातारा, एखादा साधा चाकर. तो फार काही बोलत नाही. ‘महाराज, थांबा,’ एवढंच म्हणतो. राजा थांबत नाही. पुढे तो ते विसरूनही जातो. कारण ज्याने सांगितलं तो लहान माणूस असतो.”

बोलता बोलता तिची नजर शेवटच्या बाकावरून गेली आणि खिडकीबाहेर जाऊन थांबली.

“मग त्याला नायक का म्हणायचं?”

“पडतो म्हणून नाही. पडतात सगळेच. खरं काय ते कळल्यावर तो तोंड फिरवत नाही, म्हणून. दुसऱ्यासाठी जो हुकूम त्याने काढलेला असतो, तोच तो स्वतःला लावून घेतो. राजाला शिक्षा करणारा कोणी नसतो. ती त्यालाच करावी लागते.”

तास संपल्याची घंटा झाली. पोरं उठली, बाकं करकरली. आबा बसूनच होते. खिशातली टोपी त्यांनी बाहेर काढली होती आणि तिची घडी पुन्हा पुन्हा उलगडून ते पुन्हा पुन्हा घालत होते.

“आबा, चला,” सुनंदा जवळ येऊन म्हणाली.

घरी जाताना ती बाजारातून मेथी घेत होती, वांगी निवडत होती, आणि आबा पिशवी धरून उभे होते. त्यांच्या कानात मात्र दुसराच आवाज होता. थांबा आबा.

तो आवाज उखर्डू गवंड्याचा होता.

त्र्याऐंशी साली गावाने शाळेची नवी खोली बांधली होती. पुढे ओटा आणि त्यावर स्लॅबचं छत. ठेकेदाराला दूर ठेवून, श्रमदान करून, नदीची वाळू गावच्याच बैलगाड्यांनी आणून. आबा स्वतः घमेली उचलत होते. पंधरा ऑगस्टला झेंडा याच ओट्यावर लावायचा, असा त्यांनी शब्द दिला होता; तालुक्याची माणसंही बोलावली होती. स्लॅब टाकून जेमतेम नऊ दिवस झाले होते. खालच्या सेंटरिंगच्या टेकूंच्या जंगलात पाहुणे बसणार कुठे? तेरा तारखेला आबांनी हुकूम सोडला : सेंटरिंग काढा.

उखर्डू वर परांचीवर उभा होता. हातातली थापी त्याने खाली ठेवली आणि म्हणाला, “थांबा आबा. आखो बारा दिन ऱ्हाऊ द्या. पानी पडी ऱ्हायनं, माल आखो कच्चा शे.”

आबा हसले होते. “उखर्डू, तू थापी धर. तारखा मी बघस.”

टेकू निघाले. पंधरा ऑगस्ट दणक्यात झाला. स्लॅबला काही झालं नाही. पोळ्यानंतर चार दिवसांनी रात्रभर पाऊस लागला, स्लॅबवर पाणी तुंबलं, आणि सकाळी शाळा भरण्याआधी ओटा झाडत असलेल्या भिकुबाईच्या अंगावर स्लॅब आला. भिकुबाई शाळेची झाडलोट करायची. विधवा होती. माणसांनी काँक्रीट उपसून काढेपर्यंत तिच्यात जीव राहिला नव्हता.

पाहणीला एक इंजिनियर आला. स्लॅबचा तुकडा चुरून त्याने मालात सिमेंट कमी पडलं असं लिहून दिलं आणि गेला. सेंटरिंग कधी काढलं, हे त्याने विचारलं नाही. कोणी सांगितलंही नाही. मग आबांनी ग्रामसभा भरवली. संतापाने त्यांचा आवाज कापत होता. ज्याच्या हातून भिकुबाईचा जीव गेला, त्याने या गावात पुन्हा कामाला हात लावायचा नाही, असा ठराव त्यांनी उखर्डूचं नाव घालून मांडला. टाळ्या नव्हत्या, पण विरोधही नव्हता. आठवड्याच्या आत उखर्डू बायकोला घेऊन गावातून निघून गेला.

त्या तेरा तारखेचं आबांना विस्मरण झालं होतं, असं नाही. आठवत होतं सगळं. पण ती आठवण एका गाठोड्यात होती आणि भिकुबाईचं मरण दुसऱ्या. दोन्ही गाठोडी त्यांनी कधी एका जागी सोडली नव्हती.

“आबा, जेवत नाही तुम्ही,” सुनंदा म्हणाली.

आबांनी भाकरीचा तुकडा मोडला. “उखर्डू गवंडी आते धुळामाच ऱ्हास ना?”

सुनंदाचा हात पाण्याच्या तांब्यावर थांबला. “हो. देवपुरात. एका बंगल्याचं काम चालू आहे तिकडे, कॉलनीत. आमच्या कॉलेजच्या शिपायाने सांगितलं होतं.”

कधी सांगितलं, आणि तिने ते का विचारलं होतं, हे आबांनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच निघाले. रिक्षा पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात शिरली. दोन-तीन ठिकाणी विचारावं लागलं. अर्धवट बांधलेल्या बंगल्याच्या आत, मागच्या खोलीत, उखर्डू भिंतीला गिलावा करत होता. केस पांढरे झाले होते, पण हात तसाच होता. थापीवरचा माल भिंतीवर पडायचा तो नेमका, थेंब खाली सांडत नसे.

त्याने मान वळवून पाहिलं. ओळखलं. “आबा?”

“हां. मी.”

“जरा बसा. एवढी भिंत व्हऊ द्या. माल सुकी जाई.”

बसायला काही नव्हतं. आबांनी कोपऱ्यातलं रिकामं घमेलं पालथं केलं आणि त्यावर बसले. सतरा वर्षांत कोणी त्यांना असं थांबवलं नव्हतं. उखर्डू घाई करत नव्हता आणि मुद्दाम वेळही लावत नव्हता. गिलावा झाला, रंधा फिरला, कोपरे निघाले. मग त्याने ड्रमातल्या पाण्याने हात धुतले आणि समोर उकिडवा बसला.

“स्लॅबनं काम नही करस आते?” आबांनी विचारलं.

“नही. नुसता गिलावा.”

बाहेर कोणीतरी विटा उतरवत होतं.

“उखर्डू,” आबा म्हणाले, “सेंटरिंग मी काढाले लावं व्हतं. तू थांबा म्हने व्हता. काल माले ते समजनं. समजनं म्हंजे…” त्यांनी हात नुसते गुडघ्यांवर उताणे ठेवले.

उखर्डूने त्या हातांकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं, म्हणून आबांना जास्तच अवघडल्यासारखं झालं.

“आबा, ते गावमा बठ्ठास्ले मालूम शे.”

“काय?”

“टेकू काढा तवय अर्धं गाव खाले उभं व्हतं. झिपरू आप्पा व्हता. कौतिक व्हता. तुमनी सुनंदाबी तठेच व्हती, झेंडानी दोरी धरीसन. बठ्ठास्नी ऐकं.”

“मग सभामा कोनीच कसं बोलनं नही?”

“तुमीन इचारं कोठे?” उखर्डू म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. भिंत ओळंब्यात नाही असं सांगावं, तसं त्याने सांगितलं. “तुमीन सांगं.”

खोलीत ओल्या सिमेंटचा वास भरला होता. आठ वर्षं गावातला प्रत्येक माणूस त्यांना रामराम घालत होता, त्यांच्या ओट्यावर बसून चहा पीत होता, दोनदा त्यांना बिनविरोध निवडून देत होता. आणि प्रत्येकाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त एका माणसाला. लोक त्याला सांभाळत होते, जसं घरातल्या आजारी माणसाला सांभाळतात.

“गावले चाल,” ते शेवटी म्हणाले. “मी तुले न्याले उनू.”

“काय कराले?” उखर्डू उठला, थापी उचलली. “मन्ही माय मरनी, तवय मी गावमा लपीछपी उनू आनि माती दीसन निंघी गऊ. आते तठे मन्हं कोन शे?” तो भिंतीकडे वळला, आणि मग पाठमोराच बोलला. “मन्हं नाव जठे लिखेल शे, तठे बोला. माले सांगीसन काय उपेग?”

मोटर दुपारी मिळाली, पण आबा त्या दिवशी गावी गेले नाहीत. संध्याकाळी सुनंदा स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. ते उंबऱ्याशी पाट घेऊन बसले.

“सुनंदा, त्या राजाच्या घरच्यांना ठाऊक असतं का गं?”

ते शुद्ध बोलले होते, सभेत बोलावं तसं. तिच्या तळहाताखालची भाकरी फिरायची थांबली.

“काही नाटकांत असतं.”

“मग ते सांगत का नाहीत?”

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. तिने ती उलटली नाही.

“त्यांचा जीव असतो त्याच्यावर,” ती खाली बघूनच म्हणाली. “आणि भ्यायलाही होतं. दोन्ही एकत्र असलं ना आबा, की तोंड उघडत नाही. मग एखादी वेळ अशी येते की मुलगी दुसऱ्यांना सांगते, आणि तो मागे बसून ऐकत असतो.” तिने पदराने डोळे पुसले, की नुसता घाम, ते कळलं नाही. “मी तो धडा पुढच्या आठवड्यात घेणार होते. तुम्ही येऊन बसलात म्हणून काल घेतला.”

आबांनी हात पुढे करून तव्यावरची भाकरी काढली. एका बाजूने काळी झालेली. ती त्यांनी आपल्या ताटात घेतली आणि खाल्ली.

जानेवारीअखेरची ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. ओट्यावर आता स्लॅब नव्हता, पत्रे होते. खाली सतरंज्या अंथरल्या होत्या, वर एक टेबल, सरपंचांची खुर्ची आणि शेजारी ग्रामसेवक लीलाधर भाऊसाहेब वही उघडून बसलेले. पुरुष समोर, बाया भिंतीच्या कडेने. बायांमध्ये भिकुबाईची सासू धुरपदाबाई होती. सुनेमागे ती एकटीच राहिली होती आणि सत्तरीला टेकली होती. ती प्रत्येक सभेला यायची आणि कधीच काही बोलायची नाही.

नळपट्टीचे, दिव्यांचे विषय झाले. आयत्या वेळचा विषय म्हणून आबा उभे राहिले. सभेत ते नेहमी पुस्तकी बोलायचे. आज त्यांनी घरातली भाषा काढली. तेरा ऑगस्टला काय झालं, उखर्डू काय म्हणाला, आपण काय उत्तर दिलं, सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. शब्द शोधले नाहीत आणि गाळलेही नाहीत.

“भिकुबाईनं मरन मन्हा हुकूममुळे व्हयनं,” ते म्हणाले. “उखर्डूवर जो ठराव करा, तो खोटा शे. भाऊसाहेब, त्यातलं त्याचं नाव खोडा. तठे मन्हं लिखा.”

पत्र्यावर चालणाऱ्या कावळ्याची नखं ऐकू येत होती.

उपसरपंच झिपरू आप्पा अर्धवट उठले. “आबा, जावाद्या. जुनी गोट शे. कोन काढी ऱ्हायनं ती?”

“मी काढी ऱ्हायनू.”

लीलाधर भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. “आबा, जुना ठराव खोडता येत नाही. नवा करावा लागेल.”

“करा नवा. तोच ठराव. ज्याच्या हातून हे झालं, त्याने गावाच्या कामाला हात लावायचा नाही. नाव तेवढं माझं. सरपंचपदाचा राजीनामा मी तालुक्याला वेगळा देतो. सूचक म्हणून माझी सही घ्या.”

भाऊसाहेबांनी लिहिलं. मग त्यांनी मान वर केली. “अनुमोदक?”

कोणी बोलेना.

“अनुमोदक लागतो. नाहीतर ठराव पडला असं लिहावं लागेल मला.”

आबांनी सभेकडे पाहिलं. एकेका चेहऱ्यावरून त्यांची नजर फिरत गेली आणि ती जवळ येताच एकेक मान खाली गेली. कौतिक सतरंजीचा निघालेला धागा ओढत बसला होता. झिपरू आप्पांनी तपकिरीची डबी उघडली आणि चिमूट न घेताच मिटली. या सगळ्यांची सुखदुःखं आबांनी निस्तरली होती. त्यांच्याविरुद्ध हात वर करायचा, म्हणजे इतकी वर्षं आपणही गप्प होतो, हे कबूल करायचं. भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण हातात घेतलं.

“मी शे.”

आवाज भिंतीकडून आला. धुरपदाबाई हाताचा टेकू घेऊन उठत होती. शेजारणीने तिला धरू पाहिलं, तर तिने तो हात बाजूला सारला. बसलेल्या माणसांतून वाट काढत ती टेबलापर्यंत आली. तिला यायला वेळ लागला.

“काय लिखं ते वाची दाखाड,” ती भाऊसाहेबांना म्हणाली.

त्यांनी ठराव पहिल्यापासून वाचला. भिकुबाईचं नाव आलं तिथे तिने डोळे मिटले. वाचून झाल्यावर डावा हात पुढे केला. शाईच्या पॅडवर तिने अंगठा दाबला आणि दाखवलेल्या जागी टेकवला; एकदाच, घट्ट, हलू न देता.

आबा अजून उभेच होते. गावात त्यांना आबा न म्हणणारं माणूस उरलं नव्हतं.

“बस आते, गिरधर,” धुरपदाबाई म्हणाली.

आबा खाली उतरले. पुढच्या रांगेतली माणसं थोडी सरकली, आणि सतरंजीवर झालेल्या त्या जागेत ते बसले.